मदत हवी आहे: मालिकांच्या धंद्यातून लाइफ कोचिंगकडे, कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, शहापूर भागातली. गल्लीतल्या गणपतीपुढच्या एकांकिका करत करत मुंबई गाठली. आधी मालिकांत किरकोळ कामं, मग कास्टिंगवाल्यांकडे नोकरी. ऑडिशनच्या रांगेतली घाबरलेली पोरं नेमकी माझ्याशेजारी येऊन बसायची. एकीनं तळहातावर पेनानं संवाद लिहिला होता, घामानं सगळा पुसून गेला. तिला शांत करताना वाटलं, आपल्याला हेच जमतंय. (अभिनय नव्हताच जमत म्हणा!)

आता आईसाठी गावी परत आलेय. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचना प्रमाणपत्र देणारी संस्था. तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला, म्हणजे एसीसीला (असोसिएट सर्टिफाइड कोच), किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. त्यातले ७५ तास पैसे घेऊन केलेले हवेत. घोडं इथंच अडलंय. इकडं फी सांगितली की लोक म्हणतात, "बोलायचे कसले पैसे गं?"

निपाणी-खानापूरकडं कुणी हे केलंय का? सुरुवातीला फी किती ठेवली? मराठी-कन्नड दोन्हींत बोलणारे मेंटर माहीत आहेत? आणि समोरच्याला कोच नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवा, हे तुम्ही कशावरून ओळखता? त्याचीच मला जास्त धास्ती आहे.