लिंक्स मैदानावर गाडीला मज्जाव असावा का?

सात नंबर (धागाकर्ता): अमेरिकेतील ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर १९९९ साली सुरू झालेल्या बँडन ड्यून्स या गोल्फ रिसॉर्टमध्ये वैद्यकीय कारणाखेरीज खेळाडूला मैदानात फिरायला गाडी (गोल्फ कार्ट) मिळत नाही. माझ्या मते प्रत्येक लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाने हाच नियम ठेवावा. तिथल्या वालुकामय जमिनीत पाणी लगेच मुरते आणि फेस्क्यूच्या बारीक गवताखालची माती टणक राहते, म्हणूनच पडलेला चेंडू लांबवर घरंगळतो. चाकांची वर्दळ या गवताला सोसत नाही. शिवाय पायी चालणे हा खेळाचाच भाग आहे.

भरती: गवताचा मुद्दा मान्य, शेवटचे वाक्य अमान्य. उजव्या पायाच्या जन्मजात विकारामुळे गाडी मागणाऱ्या केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, तो चालणे हा गोल्फचा मूलभूत घटक नाही असे मानूनच. मैदानभर चालून सुमारे ५०० कॅलरीच खर्च होतात, हेही त्या खटल्यात पुढे आले होते. सुट्टीवर आलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या सत्तरीच्या पाहुण्याने खिशात डॉक्टरांचा दाखला घेऊन हिंडावे काय?

ढकलगाडी: न्यायालयापुढे प्रश्न थकव्याचा होता, अंदाजाचा नव्हे. ग्रीन (भोकाभोवतीची तुळतुळीत हिरवळ) तीस यार्डांवर असताना वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) चेंडू उचलावा की सात नंबरच्या आयर्नने (कमी कलत्या पात्याच्या काठीने) जमिनीलगत पळवावा, हे मी बुटाखाली जमीन किती कडक लागते त्यावर ठरवतो. वाळूच्या टेकाडाआड वारा पडलेला असतो आणि दहा पावले पुढे गेले की टोपी उडते. गाडीतून थेट चेंडूपाशी उतरणाऱ्याला हे कळत नाही, मग चेंडू पॉट बंकरच्या (वाळूच्या खोल, अरुंद खड्ड्याच्या) उभ्या भिंतीला चिकटतो आणि तो (स्वानुभव आहे!) उलट दिशेला मारून बाहेर काढावा लागतो.

भरती: गाडीतून उतरल्यावर बूट जमिनीलाच लागतात, फटक्याआधी चार पावले फिरण्यास कोणी अडवलेले नाही. वयस्कर खेळाडूंना दाखल्याशिवाय गाडी द्यावी आणि ती फेअरवे (मधला आखूड गवताचा पट्टा) सोडून कडेच्या रफमधून (उंच गवतातून) न्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

सात नंबर: वयाची सवलत मी मान्य करतो. रफमधून गाडी मात्र नको, कारण २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात, आणि उंच गवतात चाकाखाली दबलेला चेंडू तेवढ्यात हाती लागणे कठीण.