नेटवर्क ॲनालिसिस घरी पक्कं करायला १५०० रुपयांत काय घ्यावं?

बिनधास्त_नोड (धागाकर्ती)
सेकंड इयर इलेक्ट्रिकल. फर्स्ट इयरचं बीईई (बेसिक इलेक्ट्रिकल) पाठांतरावर निघालं, आता नेटवर्क ॲनालिसिसमध्ये दांडी गुल होतेय. नेमकी अडचण सांगते: केव्हीएल (बंद लूपमधल्या व्होल्टेजची बेरीज शून्य) लिहिताना चिन्हं चुकतात, नोडल (नोडच्या, म्हणजे जोडबिंदूच्या, व्होल्टेजवरून सोडवणं) लावायचं की मेश (लूपच्या करंटवरून) ते ठरत नाही, आणि थेवेनिनमध्ये (अख्ख्या सर्किटऐवजी एक सोर्स आणि एक रेझिस्टर) डिपेंडंट सोर्स आला की पेन थांबतं. बजेट १५०० रुपये, वर एक पैसा नाही. मल्टिमीटर-ब्रेडबोर्ड घेऊ, क्लास लावू, की आणखी काही? लॅपटॉप आहे पण जुना. राहते साताऱ्यात, पुण्याला चक्कर होते.

कॉपर_काका
डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) घ्या. दोन चॅनेलचा, ५० मेगाहर्ट्झ पुरे. वेव्हफॉर्म डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सर्किट कळत नाही, बाकी सगळं पाणचट. माझ्या टेबलावर दोन आहेत.

ठिणगी
काका, बजेट वाचलंत का? त्यात डीएसओचा प्रोबसुद्धा येईल न येईल. आणि तिचा प्रश्न डीसी मेशचा आहे, त्यात वेव्हफॉर्म म्हणजे सरळ आडवी रेघ.

कॉपर_काका
मग सेकंडहँड सीआरओ (जुन्या पडद्याचा ऑसिलोस्कोप) बघा. लॅमिंग्टन रोडला मिळतो.

शून्य_संदर्भ
काही विकत घेऊ नका. वही आणि पेन. चिन्हं चुकतात कारण प्रत्येक गणितात पद्धत बदलली जाते. एकच धरा. नोडवर प्रत्येक शाखेचा करंट नोडमधून *बाहेर* जातोय असं समजून लिहायचा: (आपल्या नोडचं व्होल्टेज वजा पलीकडचं) भागिले रेझिस्टन्स. सगळ्यांची बेरीज शून्य. करंट खरोखर कुठे जातोय याचा अंदाज बांधत बसू नका, उत्तर ऋण आलं तर तेच दिशा सांगतं.

समीकरणं मांडून झाली की सोडवण्याआधी एक नजर टाका. डिपेंडंट सोर्स नसेल तर प्रत्येक नोडच्या समीकरणात त्याच नोडचा सहगुणक धन आणि शेजाऱ्यांचे ऋण आले पाहिजेत. शिवाय पहिल्या समीकरणातला व्ही२ चा सहगुणक आणि दुसऱ्यातला व्ही१ चा सहगुणक सारखेच हवेत. नसतील तर चूक तिथेच सापडते, पुढची आकडेमोड वाचते.

मेशवाला
नोडलचं एवढं कौतुक कशाला? परीक्षेत निम्म्या आकृत्या दोन खिडक्यांच्या (बंद लूपच्या) असतात, मेशने दोन समीकरणांत काम होतं. सगळे मेश करंट घड्याळाच्या दिशेने घ्या आणि ती सवय मोडू नका.

शून्य_संदर्भ
कौतुक नाही, मोजणी. नोडलची समीकरणं = नोड वजा एक, वजा व्होल्टेज सोर्स. मेशची समीकरणं = खिडक्या वजा करंट सोर्स. जे कमी भरेल ते घ्या, बरोबरीत सुटलं तर जे विचारलंय ते पाहा: व्होल्टेज मागितलं तर नोडल, करंट मागितला तर मेश. आणि मेश फक्त प्लेनर सर्किटला चालतं, तारा एकमेकींवरून न नेता कागदावर काढता आलं पाहिजे.

मेशवाला
अभ्यासक्रमात नॉन-प्लेनर एकदा तरी आलंय का?

ठिणगी
हा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या. @बिनधास्त_नोड, खरेदी सांगते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जा. डीटी-८३०डी मल्टिमीटर, जीएल-१२ ब्रेडबोर्ड, पाव वॉटचे १ टक्कावाले मेटल फिल्म रेझिस्टर. शंभर वेगवेगळ्या ओहम-किमतींचं पाकीट घेऊ नका, त्यातल्या निम्म्या कधी लागत नाहीत. ३३० ओहम, ४७० ओहम, १ किलो, २.२ किलो, ४.७ किलो, १० किलो आणि १०० किलो प्रत्येकी दहा. सिंगल स्ट्रँड तार अर्धा मिलिमीटर जाडीची, दोन रंगांत. सगळं बजेटच्या निम्म्यात बसतं.

९ व्होल्टवर सर्किट लावणार असाल तर एकट्या रेझिस्टरवर पूर्ण ९ व्होल्ट येणार नाहीत हे पाहा. १०० ओहमवर ९ व्होल्ट म्हणजे ०.८१ वॉट, पाव वॉटवाला काळा पडतो. ३२४ ओहमच्या खाली जायचं नाही, म्हणून यादी ३३० पासून सुरू केलीय.

लॅबमामा
डीटी-८३०डी घ्या, पण त्याच्या मर्यादा माहीत करून घ्या, नाहीतर उगाच सिद्धान्तावर संशय येतो. त्याचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगओहम, महाग मीटरचा १०. दोन १ मेगओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये ९ व्होल्टवर लावा आणि मधला बिंदू मोजा. कागदावर ४.५. स्वस्त मीटर ३.० दाखवेल, १० मेगवाला ४.२९. मीटर बिघडलेला नसतो, तोही सर्किटचाच एक रेझिस्टर झालेला असतो. बॅटरीपेक्षा ब्रेडबोर्डचं पॉवर मॉड्यूल बरं, झिंक-कार्बन ९ व्होल्ट लोड लागला की खाली बसते.

दुसरं, एसीच्या रेंज फक्त २०० आणि ७५०. ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट २०० च्या रेंजवर मोजले तर एकाच दशांशापर्यंत वाचता येतात. तिसरं, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला गेलात तर तो थेट शॉर्ट असतो, त्या भोकाला फ्यूजही नसतो. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटजवळ हा मीटर नेऊच नका.

आणि जीएल-१२ च्या कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मधोमध तुटलेल्या असतात. आधी कंटिन्युइटी तपासा.

सिम्युलेटर_सम्राट
हार्डवेअर कशाला? एलटीस्पाइस (सर्किट सिम्युलेटर) फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम पण फुकट. पन्नास सर्किटं एका दुपारी.

लॅबमामा
पन्नास सर्किटं आणि पन्नास चुकीची उत्तरं. एलटीस्पाइसमध्ये 'एम' म्हणजे मिली, कॅपिटल असो वा स्मॉल. १ मेगओहम हवा तर 'मेग' लिहावं लागतं. कपॅसिटरपुढे '१ एफ' टाकलं तर तो एक फेम्टोफॅरड, म्हणजे जवळपास शून्यच, धरतो. ग्राउंड विसरलात तर चालतच नाही. व्होल्टेज सोर्स पॉवर देत असताना त्याचा करंट ऋण दिसतो, कारण तो धन टोकातून आत जाणारा करंट छापतो. रेझिस्टर फिरवून ठेवला तर त्याचंही चिन्ह उलटतं. जिची मूळ अडचण चिन्हांची आहे तिला हे आधी सांगा.

सिम्युलेटर_सम्राट
हे सगळं हेल्पमध्ये लिहिलेलं आहे.

कोल्हापुरी_कपॅसिटर
एलटीस्पाइसमध्ये साइनचा आकडा पीकमध्ये, म्हणजे लाटेच्या टोकाचा, द्यायचा हे पण राहिलं. २३० टाकलं तर ते आरएमएस (घरच्या एसीचा नेहमीचा आकडा) नव्हे, ३२५ टाकावं लागतं. बाकी डीटी-८३०डी घ्याच.

बिनधास्त_नोड
मेश-नोडलची मोजणी कळली, धन्यवाद. आता लॅबमधला घोळ. सुपरपोझिशन (एकेका सोर्सचं उत्तर काढून बेरीज): ९ व्होल्ट १ किलोमधून ए बिंदूला, ५ व्होल्ट दुसऱ्या १ किलोमधून त्याच बिंदूला, आणि ए ते ग्राउंड २.२ किलो. ५ चा सप्लाय काढून तार लावली तर ए वर ३.६६. ९ चा काढून तार लावली तर २.०३. बेरीज ५.६९ हवी होती, दोन्ही लावल्यावर ६.१ येतंय. सर म्हणाले, "प्रॅक्टिकल एरर" लिही.

कोल्हापुरी_कपॅसिटर
रेझिस्टर ५ टक्केवाले असतील.

सिम्युलेटर_सम्राट
किंवा मीटर लोड करतोय. वर सांगितलंच आहे.

ठिणगी
दोन्ही नाही. तेच रेझिस्टर वापरून ३.६६ आणि २.०३ बरोबर आलेत. आणि ए बिंदूला १ किलो, १ किलो, २.२ किलो पॅरलल म्हणजे जेमतेम ४०७ ओहम. १ मेगओहमच्या मीटरने तिथे ०.०४ टक्के फरक पडतो, तुमच्या आकड्यांत दिसणारही नाही.

लॅबमामा
गंमत ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये आहे. सोडवून पाहा. ए चं व्होल्टेज = (९ + ५) ÷ (१ + १ + १/२.२) = १४ ÷ २.४५४५ = ५.७०. म्हणजे ए बिंदू ५ पेक्षा *वर* आहे. ५ च्या शाखेत करंट (५ − ५.७०) ÷ १ किलो = −०.७० मिलिअँपिअर. ऋण, म्हणजे करंट ५ च्या सप्लायमध्ये *शिरतोय*. कागदावरचा आदर्श सोर्स तो मुकाट गिळतो. लॅबमधले बहुतेक डीसी सप्लाय फक्त देतात, घेत नाहीत. मग त्या शाखेत करंट जवळपास थांबतो, ५ च्या चॅनेलचं टोक वर ढकललं जातं आणि ए बिंदू ९ × २.२ ÷ ३.२ = ६.१९ कडे सरकतो. तुमचे ६.१ तिथूनच आले.

खात्री करायची तर दोन्ही सप्लाय लागलेले असताना ५ च्या चॅनेलच्या टोकांवर मीटर धरा. ५ ऐवजी ६ च्या आसपास दिसेल.

उपाय: ५ च्या चॅनेलच्या दोन टोकांत एक १ किलो रेझिस्टर लावा. तो ५ मिलिअँपिअर ओढतो, उलटा येणारा ०.७ त्याच्यातच जिरतो, सप्लायला ४.३ द्यावेच लागतात आणि तो ५ वर टिकून राहतो. ए वर ५.७० येईल. सुपरपोझिशन रेषीय सर्किटाला लागू पडतं, आणि एकाच दिशेने करंट देणारा सप्लाय हा रेषीय घटक नाही. जर्नलमध्ये "प्रॅक्टिकल एरर" ऐवजी हे लिहा.

शून्य_संदर्भ
+१. पॉवरनेही ताळा होतो. ९ चा सोर्स २९.६६ मिलिवॅट देतो, ५ चा ३.५२ खातो, उरलेले २६.१४ तीन रेझिस्टरांत: १०.८६, ०.५० आणि १४.७९. शेवटच्या दशांशाचा फरक राउंडिंगचा. कुठलंही गणित सोडवल्यावर हा ताळा करा, चिन्हाची चूक याच्यातून सहसा निसटत नाही. मात्र पॉवरवर सुपरपोझिशन लावू नका. तिथे वर्ग असतो.

मेशवाला
आणि सोर्स "शून्य करणे" म्हणजे सप्लाय जागेवर ठेवून त्याला तार लावणे नव्हे. सप्लाय काढायचा, मग त्याच्या जागी तार. बॅटरीवर तार टाकून ती गरम करणारे दर बॅचला असतात. करंट सोर्स असेल तर जागा उघडी सोडायची.

ठिणगी
डिपेंडंट सोर्सवाल्या थेवेनिनवर कोणी बोललंच नाही. तो कधीही शून्य करायचा नाही, कारण त्याचं मूल्य सर्किटमधल्याच दुसऱ्या व्होल्टेजवर किंवा करंटवर चालतं. पायऱ्या: उघड्या टोकांवरचं व्होल्टेज काढा, ते व्हीटीएच (थेवेनिन व्होल्टेज). मग फक्त स्वतंत्र सोर्स शून्य करा, टोकांना १ अँपिअरचा टेस्ट सोर्स जोडा, टोकांवर जितके व्होल्ट येतील तितके ओहम आरटीएच (थेवेनिन रेझिस्टन्स). सर्किटात स्वतंत्र सोर्सच नसेल तर व्हीटीएच शून्य आणि फक्त दुसरी पायरी. आरटीएच ऋण आला तर घाबरू नका, डिपेंडंट सोर्समुळे येऊ शकतो.

इतिहासप्रेमी
थेवेनिनने हे १८८३ मध्ये मांडलं, पण हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच मांडलेलं होतं. नाव मात्र फ्रेंच तारखात्यातल्या इंजिनिअरचं लागलं. किरचॉफने १८४५ मध्ये नियम दिले तेव्हा तो विद्यार्थी होता.

मेशवाला
त्याला इंटर्नलला किती मिळाले?

कॉपर_काका
डीएसओ असता तर ५ च्या सप्लायचं लगेच दिसलं असतं.

ठिणगी
मीटरनेही दिसतं, काका. वर लिहिलंय.

कोल्हापुरी_कपॅसिटर
ट्रान्झियंट (स्विच लावल्यावरचा तात्पुरता बदल) येईल तेव्हासाठी: १०० किलो आणि १०० मायक्रोफॅरड, ९ व्होल्ट. टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. पण कपॅसिटरवर डीटी-८३०डी लावून ठेवला तर तो ८.१८ च्या वर जाणार नाही, पुन्हा तोच १ मेगओहम. शिवाय इलेक्ट्रोलिटिक २० टक्के इकडेतिकडे असतो आणि उलटा लावला तर फुगतो. क्लासवर पैसे घालू नका, तिथे ठरावीक गणितं घोटून घेतात.

बिनधास्त_नोड
१ किलो लावला, ५.६९ आलं! सर बघून गेले, काही बोलले नाहीत.
आणि खरेदी झाली. कॅसिओचा एफएक्स-९९१ कॅल्क्युलेटर घेतला. बजेट त्यातच संपलं. ब्रेडबोर्ड आणि मीटर लॅबमध्ये आहेत, कॅल्सी परीक्षेच्या हॉलमध्ये लागते, आणि माझे निम्मे मार्क समीकरणं सोडवताना जातात. रागावू नका.

सिम्युलेटर_सम्राट
म्हणजे फुकटचं सोडून सगळ्यात महाग घेतलं.

शून्य_संदर्भ
घेतलीच आहे तर नीट वापरा. समीकरणं व्होल्ट, किलोओहम, मिलिअँपिअरमध्ये भरा, म्हणजे दहाचे घात टाकताना चूक होत नाही. व्होल्ट भागिले किलोओहम म्हणजे आपोआप मिलिअँपिअर. भागाकार दशांशात करून टाकू नका, सहगुणकाच्या जागी "१+१+१÷२.२" असंच भरलं तरी ती घेते.

एसीला मात्र समीकरणांच्या मोडमध्ये कॉम्प्लेक्स सहगुणक चालत नाहीत. दोन नोडचं फेजर (कॉम्प्लेक्स आकड्यांत मांडलेलं एसी) गणित असेल तर कॉम्प्लेक्स मोडमध्ये क्रेमरच्या नियमाने करा: आधी डिटर्मिनंट, मग दोन न्यूमरेटर, मग भागाकार. कोन डिग्रीत आहे का रेडियनमध्ये, ते पहिल्यांदा पाहा.

मेशवाला
आणि कोणतं मॉडेल हॉलमध्ये चालतं ते परीक्षा विभागात विचारून ठेवा. ४ अज्ञातांचं समीकरण एफएक्स-९९१ ईएक्समध्ये सुटतं, एफएक्स-९९१ एमएसमध्ये तीनच. तुमचं कोणतं?

बिनधास्त_नोड
एमएस.

मेशवाला
मग चार खिडक्या आल्या तर नोडल.

शून्य_संदर्भ
हेच मी वर म्हणत होतो.