आइनस्टाइन यांनी राष्ट्राध्यक्षपद नाकारलं, ते योग्य होतं का?

रामबागकर
९ नोव्हेंबर १९५२ ला इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष वाइझमन वारले. पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या वतीने राजदूत अब्बा एबन यांनी १७ तारखेला आइनस्टाइनना पत्र लिहिलं: पद स्वीकारा, इस्रायलला राहायला या, नागरिकत्व घ्या, संशोधनाला मोकळीक राहील. दुसऱ्याच दिवशी नकार गेला. माणसं हाताळण्याचा पिंड नाही, अनुभव नाही, शिवाय वय झालं. मला हा नकार शंभर टक्के पटतो. विद्वानाला खुर्चीवर बसवणं म्हणजेच त्याचा सन्मान, हा समज आपण सोडायला हवा.

स्नेहल, सुदामानगर
काका, नाही पटलं. वाइझमन स्वतः रसायनशास्त्रज्ञच होते! जिवाणूंकडून स्टार्च आंबवून ॲसिटोन काढायची त्यांची पद्धत पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइटसाठी, म्हणजे तोफा-बंदुकांच्या धूरविरहित दारूसाठी, उपयोगी पडली. आणि अध्यक्षपद नुसतं शोभेचं नसतं. २००६ मध्ये कलामांनी खासदारांच्या लाभाच्या पदांचं विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलंच ना?

लोलक
वाइझमन यांनी कित्येक वर्षं ज्यूंच्या राष्ट्रासाठी झटणाऱ्या झायोनिस्ट संघटनेचं नेतृत्व केलं होतं, राजकारण त्यांना नवं नव्हतं. कलामांचं म्हणाल, तर कलम १११ प्रमाणे आपले राष्ट्रपती अर्थविधेयक सोडून बाकी विधेयक एकदा परत पाठवू शकतात. संसदेने तेच पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते, आणि कलामांनाही शेवटी द्यावी लागली. इस्रायलच्या अध्यक्षाला तेवढीही सोय नाही. क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेल्या कायद्यावर त्याची सही असते, पण तो कायदा अडवू शकत नाही. खरी गोम इथे आहे. सरकारने किंवा संसदेने माझ्या विवेकाला न पटणारं काही ठरवलं तर काय, हा विचारही मनात होता, असं आइनस्टाइन यांनी ‘मारिव्ह’ या इस्रायली दैनिकाचे संपादक कार्लेबाख यांना कळवलं होतं. न पटणाऱ्या कायद्याखाली त्यांनी आपलं नाव घालायचं? धास्ती बेन-गुरियन यांनाही होती. आइनस्टाइन हो म्हणाले तर काय करायचं, असं त्यांनी आपले सहायक नावोन यांना विचारलं होतं.

स्नेहल, सुदामानगर
मग आपल्या इंदूरच्या कॅटला, म्हणजे प्रगत तंत्रज्ञान केंद्राला, ज्यांचं नाव आहे, त्या राजा रामण्णांचं काय? १९७४ च्या पोखरण चाचणीतले प्रमुख शास्त्रज्ञ, १९९० मध्ये संरक्षण राज्यमंत्री झाले. मेघनाद साहा तर १९५२ मध्येच कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. जाणकार लांब राहिले, तर अणुऊर्जेचे आणि धरणांचे निर्णय कोण घेणार?

लोलक
ताई, या दोघांबद्दल वादच नाही. साहा खासदार होते, सरकारला जाब विचारणं हेच त्यांचं काम. रामण्णांना ज्या विषयात गती, तेच खातं मिळालं. आइनस्टाइनना खातंही नव्हतं आणि प्रश्न विचारायची मुभाही नव्हती.

स्नेहल, सुदामानगर
पण १९७३ मध्ये इस्रायलने कात्झिर या जैवभौतिकशास्त्रज्ञालाच अध्यक्ष केलं, आणि त्यांनी पाच वर्षं पूर्ण केली.

रामबागकर
कात्झिर लहानपणापासून तिथलेच, हिब्रूत वाढलेले. आइनस्टाइनना हिब्रू बोलता येत नव्हती. सरकार बनवताना प्रत्येक पक्षाशी बोलणं हे तिथल्या अध्यक्षाचं मुख्य काम. ते ७३ व्या वर्षी दुभाष्यामार्फत करायचं?

स्नेहल, सुदामानगर
भाषेचा मुद्दा मान्य, काका. विवेकाचा नाही. सही करायला नकार देऊन राजीनामा देता आला असता, आणि त्यांच्या राजीनाम्याची दखल जगाने घेतली असती.