डाळिंब बहिणीला लागू, मला नाही?

शून्यवाली: तीन महिन्यांची साखर ६.१ निघाली, म्हणून धाकट्या बहिणीसोबत रोज पेलाभर डाळिंबाचा रस सुरू केला. मग हौसेने दोघींनी युरोलिथिन-एची, म्हणजे डाळिंब खाल्ल्यावर शरीरात बनणाऱ्या एका द्रव्याची, तपासणी केली. बोट टोचून कागदावर थेंब द्यायचा. तिचा आकडा भरघोस, माझ्यापुढे ‘आढळले नाही’. रस एकाच भांड्यातला! माझ्या आतड्यात बिघाड आहे का? युरोलिथिनच्या गोळ्या घेऊ?

काचपेटी: बिघाड कसला! युरोलिथिन डाळिंबात नसतंच. त्यात एलाजिटॅनिन नावाची द्रव्यं असतात, त्यांचं पोटात इलॅजिक आम्ल होतं आणि ते फारसं शोषलं जात नाही. पुढचं काम मोठ्या आतड्यातल्या गॉर्डोनिबॅक्टर या जिवाणूचं आणि त्याच्या जोडीदारांचं. हा त्या आम्लाचा एक तुकडा काढतो, तो दुसरा, आणि शेवटी युरोलिथिन उरतं. मधला एक गडी नसला की गाडं तिथेच अडतं. संशोधक यावरून माणसांचे ए, बी आणि शून्य असे गट पाडतात; शून्य म्हणजे ज्यांच्यात युरोलिथिन-ए बनत नाही ते. मीही शून्यच, आणि पोटापाण्यासाठी हेच जिवाणू वाढवतो! ऑक्सिजन नसलेल्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात खुपसून, दिवसचे दिवस वाट पाहून, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके मिळतात.

जुनी वही: सोयाबीनचंही तसंच. त्यातल्या डेडझीन या द्रव्याचं काहींच्याच पोटातले जिवाणू इक्वॉल हे दुसरं द्रव्य करतात. १९३२ साली ते गाभण घोडीच्या मूत्रात सापडलं, म्हणून हे नाव; लॅटिनमध्ये घोडा म्हणजे ‘इक्वस’.

शून्यवाली: बरं, पण माझी साखर?

काचपेटी: त्यासाठी युरोलिथिनच्या मागे लागू नका. गोळीचे माणसांवरचे प्रयोग मुख्यतः स्नायूंसाठी झालेत. अन्नातल्या तंतूंकडे (फायबर) बघा. ते आपल्याला स्वतःला पचत नाहीत: कर्बोदकं फोडणारी विकरं (एन्झाइम) आपल्या पचनात मोजून १७ च्या आसपास. बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूकडे २६० च्या वर. तंतू आंबवून जिवाणू ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्लं बनवतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात, आणि या आम्लांच्या इशाऱ्याने जीएलपी-१ हे संप्रेरक सुटतं. तेच इन्सुलिनला हात देतं. हे काम करणारे जिवाणू बहुतेक सगळ्यांकडे असतात, शून्यवाल्यांकडेही. एक सांगा, रस गाळून पीत होतात?

शून्यवाली: हो, बारीक गाळणीने. चोथा टाकून द्यायचो.

काचपेटी: म्हणजे तंतू गाळणीत आणि पेलाभर रसातली ३० ग्रॅम साखर पोटात! डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर दाणे चावून खा. बहिणीलाही सांगा.