क्रम जुळला तरी ओळख पटतेच असे नाही

‘१६एस या जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रम ९९ टक्के जुळला की आंबवलेल्या मासळीतला जिवाणू जुन्याच प्रजातीचा समजावा’ हे मत मला पटत नाही. साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेले तर प्रजाती नवी असण्याची शक्यता बळावते हे खरे, पण त्याचा उलट अर्थ काढता येत नाही. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम (२०२० च्या पुनर्रचनेनंतर लॅक्टिप्लांटिबॅसिलस), पेंटोसस आणि पॅराप्लांटारम या तिन्ही जिवाणू-प्रजातींमध्ये हा जनुक जवळजवळ सारखाच असतो. त्यांचा निवाडा रेकए या दुसऱ्या जनुकावर किंवा संपूर्ण जीनोमच्या (सगळ्या जनुकीय साहित्याच्या) तुलनेवरच होतो, आणि तिथे सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली असेल तरच वेगळ्या प्रजातीचा दावा टिकतो.

मात्र त्याही आधीची एक पायरी या चर्चेत आलेलीच नाही, ती म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या माध्यमातले मीठ. कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या दुधाळ आगरवर (जेलीसारख्या माध्यमावर) आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतीभोवती पारदर्शक कडे उमटते आणि आपण तीच वसाहत उचलतो. पण माध्यम बिनमिठाचे असेल तर मासळीच्या खारट सॉसमधले मीठप्रिय जिवाणू त्यावर नीट वाढतच नाहीत, मग पुढची जीनोम-तुलना कितीही काटेकोर असली तरी ती भलत्याच जिवाणूंची होते. जपानमधल्या स्क्विडच्या यकृताच्या सॉसमधून वेगळा करून १९९७ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवलेला टेट्राजेनोकॉकस म्युरिअ‍ॅटिकस हा असाच मीठप्रिय आहे. शिवाय तो हिस्टामिन (जास्त झाल्यास विषबाधा करणारे रसायन) तयार करतो, म्हणून त्याची अचूक ओळख खाणाऱ्याच्या आरोग्यासाठीही महत्त्वाची ठरते.