जुन्या स्विफ्टवर लाखभर घालणं म्हणजे शौक की पैशाची माती?

टॉर्कवेडा
२०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय (डिझेलचं मधलं मॉडेल) घेतोय, सव्वातीनला सौदा जवळपास फायनल आहे, सिंगल ओनर, एमएच १२ पासिंग. त्यावर अजून लाख-सव्वालाख घालून गाडी मनासारखी करायचीये. सोळा इंची अलॉय, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवायला), प्रोजेक्टर लाईट, अँड्रॉइड प्लेयर, चारही दारांना डॅम्पिंग (आवाज अडवायला) आणि शेवटी ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं. घरचे म्हणतात वेडा झालास का, जुन्या गाडीवर कोणी एवढा खर्च करतं का. माझं म्हणणं साधं आहे, नवीन घेतली तर आठ लाख ऑनरोड, पाच वर्ष हप्ते, आणि दारात उभी राहणार काय तर सोसायटीत अजून सहा जणांकडे आहे तीच गाडी! त्यापेक्षा जवळपास निम्म्या पैशात माझी अशी एक गाडी का नको? तुमचं काय मत?

हप्ताबंद
पूर्ण सहमत, +१. फियाटचं तेराशे सीसीचं मल्टीजेट इंजिन आहे त्यात, अनेक कंपन्या हेच बसवायच्या, याला नॅशनल इंजिन उगाच म्हणायचे नाहीत. पुन्हा मिळणारही नाही, एप्रिल २०२० ला बीएस सिक्स (प्रदूषणाचे नवे नियम) आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. बिनधास्त घे.

कसारा_घाट
मी उलट बाजूने बोलणार. स्वतः नाशिक-मुंबई गाडी चालवत जाते म्हणून सांगते दादा, तुमच्या यादीत गाडी थांबवण्याचं आणि जीव वाचवण्याचं एकही काम नाहीये. २०१४ मध्येच क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅपने याच पिढीची बिनएअरबॅगची स्विफ्ट आपटून बघितली होती, मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार. व्हीडीआयला एअरबॅग नाहीत, आणि त्या काय अलॉयसारख्या नंतर दुकानातून बसवून मिळत नाहीत, स्टेअरिंग, सेन्सर, वायरिंग, सगळंच वेगळं असतं. एअरबॅगवाली टॉपची झेडडीआय बघा ना, पन्नास-साठ हजार जास्त जातील, पण मॉडिफिकेशनला बाजूला काढलेत त्यातलेच घाला की!

टॉर्कवेडा
ताई मुद्दा मान्य, पण चांगल्या कंडिशनमधली झेडडीआय सापडतच नाहीये, दोन बघितल्या त्या दोन्ही टॅक्सीसारख्या पळवलेल्या. शून्य स्टारवाल्या गाड्या तर अर्धा महाराष्ट्र चालवतोय.

कसारा_घाट
अर्धा महाराष्ट्र चालवतोय हे काय उत्तर झालं का?

पाना_नंबर_१२
गॅरेज आहे आमचं, रोज असल्या गाड्या बघतो म्हणून लिहितो. दहा वर्षाची स्विफ्ट घेतली की पहिले वीस-पंचवीस हजार कुठे जातात ते आधी ऐका. पुढचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग. हे गेलेलं असताना वर लोअरिंग स्प्रिंग टाकले तर गाडी खाली बसेल पण खडखड तीच राहील, आणि जुन्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग टाकला की तो शॉकअप लवकरच तेल सोडतो. ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आहे, त्यातले चाळीस तुम्ही स्वतःच्या हाताने कमी करणार आणि मग आमच्या पुण्यातले पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर! ऑइल चेंबर फोडून आलेल्या अशा गाड्या आम्ही टो करून आणतो.

अलॉयचं पण सांगतो. व्हीडीआयला मूळ १६५/८० आर १४ येतो, झेडडीआयला १८५/६५ आर १५, दोन्हीचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा (दोन मिमीचा फरक), म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. पंधरावर जा, सुखी राहाल. सोळाच पाहिजे तर १९५/५५ बसतो व्यासात, पण टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) बारीक, खड्ड्यात रिम वाकणार. आणि पीसीडी (नटांच्या भोकांची मांडणी) चार बाय शंभर जुळला म्हणजे झालं असं नाही, स्वस्तातल्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं, स्विफ्टचा हब ५४.१ मिमी, मध्ये हब रिंग नाही टाकली तर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि लोक येऊन म्हणतात बॅलन्सिंग करून द्या. बॅलन्सिंग करून काय होणार?

कायदेपंडित_नाय
कायद्याचं कोणी बोललंच नाही अजून. मोटार वाहन कायदा कलम ५२, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काचेवरच्या काळ्या फिल्मचा विषय तर २०१२ लाच कोर्टाच्या बंदीने संपला. तुमची यादी म्हणजे चालतंफिरतं चलान आहे.

रंकाळा_रेसर
आला बघा घाबरवणारा 😄 अहो प्लेयर बसवला, डॅम्पिंग केलं, सीटकव्हर टाकलं तर कोण आत घालतंय? कोल्हापुरात उद्यमनगरला जाऊन बघा, लोकं गाडीवर काय काय करत्यात ते. पोलीस आवाजाला पकडतो, काळ्या काचेला पकडतो आणि नंबरप्लेटला. त्यातबी ४१४१ चं "दादा" करायचं युग एचएसआरपीनं (सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटनं) संपिवलं, ते एक बरं झालं.

भावा रिमॅप कर, मी सांगतो. ७५ पीएसची गाडी आहे ती, चौघं बसवून एसी लावून खंबाटकी चढायला घे, दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी नुसती झोपत्या, टर्बो उठेपर्यंत मागचा ट्रक हॉर्न मारतोय. रिमॅपनंतर तोच घाट तिसऱ्यावर चढतोस. नाद खुळा!

पाना_नंबर_१२
रिमॅपला विरोध नाही पण क्रम चुकतोय राव. दहा वर्षाचा क्लच, त्यावर वाढीव टॉर्क टाकला की प्लेट घसरायला लागणार. आधी क्लच बघा, टर्बोचे होस बघा, इंजेक्टर तपासा. मग लॅपटॉप जोडा.

कायदेपंडित_नाय
रेसर साहेब, प्लेयर आणि सीटकव्हरला मी कुठे नाही म्हणालो? पण चाकाचा साइज, गाडीची उंची, लाईट, इंजिनची पॉवर हे त्यात येत नाही. आणि पोलीस पकडत नाही म्हणून चालतं हे लॉजिक ॲक्सिडेंट झाल्यावर बंद पडतं. आमच्या नात्यात एकाचा क्लेम अडकलाय, वायरिंग कापून बाहेरचे लाईट लावले होते, शॉर्टसर्किट झालं, बॉनेटखाली आग. सर्व्हेअरने पहिला फोटो त्या टेप गुंडाळलेल्या जॉइंटचाच काढला. निदान जे लावाल ते विमा कंपनीला कळवा, ॲक्सेसरीजचं वेगळं कव्हर मिळतं, प्रीमियम फार वाढत नाही.

हप्ताबंद
लाईटवर माझे दोन शब्द. प्रोजेक्टर-बिजेक्टर सोडा, रिले हार्नेस टाका. कंपनीच्या वायरिंगमध्ये हेडलाईटचा सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. बॅटरीवरून थेट रिलेने दिलं की तोच ६०/५५ वॅटचा साधा एच ४ बल्ब इतका उजळतो की विश्वास बसत नाही. कापाकापी नाही, सॉकेटला सॉकेट. रिफ्लेक्टरमध्ये बाजारातले एलईडी मात्र ठोकू नका, फिलामेंटच्या जागी उजेडाचा बिंदू बसत नाही आणि सगळा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात.

कसारा_घाट
याला शंभर टक्के अनुमोदन. रात्री समोरून पांढरे एलईडी आले की रस्त्याची कडा दिसत नाही, घाटात त्या वेळी काय होतं ते चालवणाऱ्याला विचारा. स्वतःचा शौक स्वतःच्या गाडीपुरता ठेवा ना.

टॉर्कवेडा
बरं ऐका. लोअरिंग कॅन्सल. सोळाऐवजी पंधरा, झेडडीआयच्याच साइजचे. लाईटला रिले. आधी पाना साहेबांनी सांगितलेलं बुश-शॉकअपचं काम. पण रिमॅप आणि डॅम्पिंग मी सोडणार नाही, डिझेलचा तो कडकड आवाज हायवेला चार तास ऐकायचा नाहीये मला. आणि एअरबॅगवाली अजून महिनाभर शोधतो ताई, नाही मिळाली तर हीच.

चहाकटिंग
उशिरा आलो धाग्यावर. सगळे बोलले पण विकायच्या वेळेचं राहिलंच. मॉडिफाय केलेल्या गाडीला गिऱ्हाईक घाबरतं, आधीच्या पोराने पिळली असणार असं धरूनच चालतं. अलॉयचे पाच हजारसुद्धा जास्त मिळत नाहीत. मी सेकंडहँड बघायला गेलो आणि मोठा सायलेन्सर दिसला की गाडी सुरू करायच्या आधीच परत फिरतो.

रंकाळा_रेसर
विकायसाठी घेतंय कोण पण? तुम्ही लोकं पहिल्या दिवसापासून पुढच्या मालकासाठीच गाडी सांभाळताय, सीटचं प्लास्टिक तरी काढलंय का?

कायदेपंडित_नाय
विकू नका, पण २०१४ ची गाडी २०२९ ला पंधरा वर्षांची होणार. रीपासिंगला आरटीओत उभी करावी लागेल, फी, वर पर्यावरण कर, आणि इन्स्पेक्टर गाडी बघणार. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट जपून ठेवा, चौदाची रिमं धरून.

टॉर्कवेडा
वन बीएचके आहे हो माझा. चार रिमं ठेवू कुठे, दिवाणात?

पाना_नंबर_१२
टायर काढून ठेवली तर बसतात दिवाणात. आमच्याकडे एकाने ठेवलीत.