मदत हवी आहे: ‘फ्रेंड्स’मधील थँक्सगिव्हिंगचा भाग आणि भावंडे

सणाच्या निमित्ताने घर एकत्र येते आणि जुने हिशेब बाहेर निघतात, या विषयावर मी लेख लिहीत असून त्यासाठी ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेतील 25 नोव्हेंबर 1999 रोजी प्रसारित झालेला, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणावरचा भाग निवडला आहे. मुलाचे, म्हणजे रॉसचे, कोडकौतुक करणारी आणि मुलीच्या, म्हणजे मोनिकाच्या, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी आई ज्यूडी गेलर आपल्याला पहिल्या हंगामापासूनच परिचित आहे. मात्र या भागात रॉस आणि मोनिका आईवडिलांसमोर एकमेकांची गुपिते ओरडून फोडतात, तेव्हा गांजा ओढल्याचे आणि घटस्फोटाचे बोल रॉसला ऐकावे लागतात, तर मोनिकाच्या वाट्याला तुलनेने सौम्य शब्द येतात. (त्यांची मैत्रीण रेचल हिने ट्रायफल या गोड पदार्थात घातलेल्या गोमांसाच्या खिम्याकडे मी मुद्दाम दुर्लक्ष करीत आहे.) लेखकांनी येथे आईचा पक्षपात खरोखर तपासला, की केवळ हशासाठी पारडे घटकाभर फिरवले, याविषयी आपले मत हवे आहे. तसेच भाऊबीज किंवा राखीपौर्णिमेच्या भागात बहिणीची अशीच तक्रार मांडणारी एखादी मराठी विनोदी मालिका आठवत असल्यास कृपया तिचे नाव आणि प्रसंग सांगावा.